दुसऱ्या खुर्चीचा मुलूख

५ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, ती सहावी. २०१० च्या नोव्हेंबरात आणि २०१२ च्या डिसेंबरात पृथ्वीराज चव्हाणांच्या मंत्रिमंडळात; २०१९ च्या नोव्हेंबरात देवेंद्र फडणवीसांबरोबर, जे सरकार चार दिवसांत संपलं; त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर उद्धव ठाकऱ्यांबरोबर; २०२३ च्या जुलैत एकनाथ शिंद्यांबरोबर; आणि त्या दिवशी पुन्हा फडणवीसांबरोबर. मुख्यमंत्री चार झाले, पक्षांची मोट वेगवेगळी बांधली गेली, पण दुसरी खुर्ची फिरून फिरून बारामतीकडेच आली.

बारामतीत या खुर्चीचा अभिमान आहे आणि एक सलही आहे. २००४ साली राष्ट्रवादीचे ७१ आमदार आले, काँग्रेसचे ६९. तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसला दिलं गेलं आणि राष्ट्रवादीनं उपमुख्यमंत्रिपद व जास्तीची खाती घेतली. त्या सौद्याची आठवण बारामतीच्या चहाच्या टपरीवर अजून निघते. तिथून पन्नासएक किलोमीटरवरच्या इंदापुरात मात्र वेगळी चर्चा चालते. खुर्ची पहिली की दुसरी, याच्याशी इंदापूरकराला फारसं देणंघेणं नाही. ती शेजारच्या तालुक्यात आहे, आणि तिच्यापर्यंत आपला शब्द कोण पोचवणार, हा त्याचा प्रश्न आहे.

या दोन तालुक्यांत फिरताना, माणसांशी बोलताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. या खुर्चीला कायद्याचा पाया नाही, म्हणून ती बसणाऱ्याच्या वकुबावर चालते. बसणारा मोठा असला की खुर्ची मोठी, तो उठला की रिकामी. आणि अशा सत्तेवर ज्यांचं पाणी, रस्ता, निधी अवलंबून असतो, त्यांना हक्क मिळत नाही, मर्जी मिळते.

घटनेत नसलेलं पद

राज्यघटनेच्या १६३ आणि १६४ या अनुच्छेदांत राज्यपाल आहेत, मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री नाही. १९८९ च्या डिसेंबरात देवीलालांनी ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ते निव्वळ वर्णन आहे, कायद्याच्या दृष्टीनं देवीलाल इतरांसारखेच एक मंत्री, असा निर्वाळा मिळाला. २०२४ च्या फेब्रुवारीत उपमुख्यमंत्रिपदांविरुद्धची याचिका फेटाळताना न्यायालयानं तोच धागा धरला: पदाला काही म्हणा, माणूस मंत्रीच असतो, त्यामुळे घटनेचा भंग होत नाही.

मग हे पद आलं कुठून? आघाडीच्या गणितातून. महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री भंडाऱ्याचे नाशिकराव तिरपुडे. १९७८ च्या मार्चमध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटलांचं सरकार बनलं, तेव्हा दुसऱ्या काँग्रेसचा मान राखायला हे पद घडवलं गेलं. चार महिन्यांत ते सरकार पडलं आणि पाडणारे होते बारामतीचे सदतीस वर्षांचे आमदार शरद पवार. १८ जुलै १९७८ ला ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांनीही सुंदरराव सोळंक्यांना उपमुख्यमंत्री केलं. पुढं रामराव आदिक, गोपीनाथ मुंडे, छगन भुजबळ, विजयसिंह मोहिते-पाटील, आर. आर. पाटील. यांतला एकही जण मुख्यमंत्री झाला नाही. या खुर्चीवरून उठून पहिल्या खुर्चीवर बसले ते फक्त फडणवीस, आणि ते आधीच पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेले होते.

मुख्यमंत्री पदावर असताना गेला तर काय, याचंही उत्तर या पदात नाही. २४ नोव्हेंबर १९६३ ला मारोतराव कन्नमवारांचं निधन झालं तेव्हा राज्यात उपमुख्यमंत्री नव्हता. मंत्री पी. के. सावंतांनी थोडे दिवस हंगामी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले. आज दोन-दोन उपमुख्यमंत्री असले तरी तशी वेळ आल्यास राज्यपाल आणि बहुमत यांनाच वाट काढावी लागेल. वारसा म्हणून कुणाचाही हक्क लागत नाही.

उपसरपंचाला जे आहे ते

याउलट इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावचा उपसरपंच घ्या. त्याचं पद १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. त्याची निवड कुणी करायची, सरपंच नसताना सभेच्या अध्यक्षस्थानी कुणी बसायचं, सरपंचपद रिकामं झालं तर अधिकार कुणी वापरायचे, उपसरपंचावर अविश्वास कसा आणायचा, सगळं लिहिलेलं आहे.

निवडीच्या दिवशी गावात जाऊन पाहावं. सहलीवर नेलेले सदस्य गाड्यांतून थेट पंचायतीच्या दारात उतरतात. घरच्यांना भेटायलाही कुणी त्यांना मोकळं सोडत नाही. आत अर्ज, सूचकाची सही, छाननी, माघारीची वेळ. दोन अर्ज उरले की मतदान, बरेचदा गुप्त. भिंतीवरच्या घड्याळाकडं सगळ्यांचे डोळे. खिडकीच्या गजांना धरून उभी असलेली पोरं आतल्या चेहऱ्यांवरून आकडा ताडायला बघतात. मतं मोजून होतात, नाव वाचलं जातं, आणि दुसऱ्या क्षणाला अंगणात गुलाल. ज्याचं मत फुटलं त्याच्याकडं त्या दिवशी कुणी बघत नाही. तो हिशेब पुढच्या निवडणुकीत होतो.

या निवडीतही लिहिलेल्या कायद्याबाहेरचा एक कायदा चालतो. ‘पहिलं सव्वा वर्ष याला, पुढचं त्याला’ असा शब्द पॅनेलप्रमुखानं दिलेला असतो. मुदत भरली की राजीनामा द्यायचा. सहकारी साखर कारखान्यांतही उपाध्यक्षपद असंच फिरतं ठेवायची चाल बऱ्याच ठिकाणी आहे. जास्त संचालकांना मान मिळतो, जास्त गट सांभाळले जातात. पण कारखान्यातली खरी ताकद अध्यक्षाकडं असते हे सभासदालाही ठाऊक असतं आणि नेत्यालाही. २०२५ च्या जूनमध्ये बारामती तालुक्यातल्या माळेगाव कारखान्याच्या निवडणुकीत खुद्द उपमुख्यमंत्री अजित पवार ‘ब’ वर्गातून, म्हणजे सभासद संस्थांच्या गटातून, उभे राहिले. १०१ पैकी ९१ मतं घेऊन निवडून आले, त्यांच्या श्री नीळकंठेश्वर पॅनेलनं २१ पैकी २० जागा जिंकल्या आणि जुलैत ते अध्यक्ष झाले. राज्याची तिजोरी हाती असलेल्या माणसाला एका कारखान्याचं अध्यक्षपद कशाला हवं, असं पुण्या-मुंबईत विचारलं गेलं. बारामतीत हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. मंत्रालयातली खुर्ची वरच्यांच्या जुळवणीवर टिकते. कारखान्याची खुर्ची उसाच्या भावावर, सभासदाच्या मतावर आणि सहकार कायद्यावर उभी असते. वरची जाते-येते, खालची पाया देते.

फाइलीचा रस्ता

मग या पदाला वजन येतं कशानं? पहिलं उत्तर, खात्यानं. अर्थ आणि नियोजन हाती असेल तर राज्यातल्या प्रत्येक आमदाराला त्या दालनाच्या बाहेर थांबावं लागतं. १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी अकरावा अर्थसंकल्प मांडला. त्यांच्यापुढं तेरा अर्थसंकल्प मांडणारे शेषराव वानखेडे तेवढे राहिले. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार फुटले तेव्हा निधीवाटपात दुजाभाव होतो, ही तक्रार त्यांनी उघडपणे केली होती. पुढच्याच वर्षी त्याच आमदारांच्या सरकारात अर्थखातं पुन्हा अजित पवारांकडंच आलं.

दुसरं उत्तर, फाइलीच्या वाटेनं. २०२३ मध्ये ठरलं की अजित पवारांकडून फाइल फडणवीसांकडं जाईल आणि मग मुख्यमंत्री शिंद्यांकडं. २०२५ च्या मार्चमध्ये क्रम बदलला: आधी अजित पवार, मग शिंदे, मग मुख्यमंत्री फडणवीस. कागदावर ही साधी वाटचाल आहे. पण फाइल ज्याच्या टेबलावर थांबू शकते, त्याची सत्ता त्या थांबण्यात असते. फाइल किती दिवसांत पुढं गेली पाहिजे आणि अडवली तर कारण कुठं नोंदवायचं, हे सामान्य माणसाला दिसत नाही.

तिसरं उत्तर, माणसाच्या कामाच्या झपाट्यानं. अजितदादा बारामतीत असले की पहाटे सहाला कामांची पाहणी सुरू होई. अधिकारी वह्या घेऊन मागं, ठेकेदाराच्या कपाळावर घाम. त्यानंतर माणसांच्या भेटी. हातात अर्ज, अर्जाला सातबारा नाहीतर दवाखान्याचं अंदाजपत्रक टाचलेलं, आणि तोंडात एकच वाक्य: ‘एक फोन झाला असता तर बरं झालं असतं.’ तो फोन बरेचदा जागच्या जागी होई. बारामतीचं वैद्यकीय महाविद्यालय, नवं बसस्थानक, रुंद रस्ते हे याच झपाट्याचं फळ आहे, आणि ते नाकारणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं. बाहेरगावचा माणूस बारामतीत आला की ‘आमच्याकडं असं का नाही’ म्हणतोच. त्याचा हेवा खोटा नाही. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की त्याच्या तालुक्यात ती खुर्ची नाही.

नीरेचे दोन काठ

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पाण्यात. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहता झाला आणि बारामतीच्या कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. हा कालवा पुरंदर-बारामतीतून पुढं इंदापुरात जातो. इंदापूर त्याचं टोक. नदीपलीकडच्या उजव्या कालव्यावर फलटण, माळशिरस, सांगोला, पंढरपूर. योगायोग असा की दोन्ही काठांनी राज्याला उपमुख्यमंत्री दिला: डाव्या काठानं बारामतीचे अजित पवार, उजव्या काठानं अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील.

नीरा-देवघर धरणाच्या पाण्याचा वाद घ्या. २०१९ च्या जूनमध्ये फडणवीस सरकारनं डाव्या कालव्याला जाणारं जादा पाणी बंद करून उजव्या काठाला द्यायचं ठरवलं. नोव्हेंबरात सत्ता बदलली, डिसेंबरअखेर बारामतीचे उपमुख्यमंत्री आले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळानं वाटा नव्यानं ठरवला: डावा ५५ टक्के, उजवा ४५. यातला कुठला निर्णय न्याय्य, यावर दोन काठांवर दोन उत्तरं मिळतील आणि दोन्हींना आपापले दाखले आहेत. पण आठ महिन्यांत एका नदीचं पाणी दोनदा हललं आणि मधे धरण बदललं नव्हतं. खुर्च्या बदलल्या होत्या.

टोकाच्या शेतकऱ्याला याचा अर्थ नीट कळतो. आवर्तन सुटलं की वरची दारं उघडतात, मोटारी सुरू होतात, आणि चारीला पाणी येईपर्यंत पाळी संपत आलेली असते. पाटकऱ्याला विचारलं तर तो वर बोट दाखवतो. वरचा साहेब आणखी वर. टेलच्या माणसानं ‘टेल टू हेड’, म्हणजे टोकाला आधी पाणी, हे शब्द कितीदा ऐकलेत. त्याच्या उसाला मात्र पाणी शेवटीच पोचतं.

इंदापूरची कोंडी

इंदापूरचं दुःख नुसतं टोकाचं नाही. तालुक्याच्या उत्तर-पूर्व कडेला उजनीचा अफाट जलाशय पसरला आहे. पळसदेवसारख्या गावांनी त्यासाठी आपली जुनी वस्ती पाण्याखाली दिली. पाणी तालुक्यात उभं आहे, पण ते कुणाचं यावर सोलापूर आणि इंदापूर यांचं भांडण. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरच्या गावांसाठी उचलायचा आदेश निघाला. तेव्हा इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे राज्यमंत्री होते आणि सोलापूरचे पालकमंत्रीही. सोलापूर पेटलं. महिन्याभरात सरकारनं आदेश मागं घेतला. एकाच माणसाच्या एका खांद्यावर आपला तालुका आणि दुसऱ्या खांद्यावर पालकत्वाचा जिल्हा, अशी ती अवस्था होती. पुढं २०२२ मध्ये लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला ३४८ कोटींची मान्यता मिळाली आणि त्या कोरड्या पट्ट्यात पुन्हा आशा आली.

इंदापूरच्या राजकारणाचा इतिहास बारामतीच्या जवळ जायचं की अंतर राखायचं, या एकाच पेचाभोवती फिरतो. शंकरराव पाटील, तालुक्याचे ‘भाऊ’, यांनी कारखाना काढला, संस्था उभ्या केल्या, आमदार-खासदार झाले. त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ पासून तीनदा अपक्ष निवडून आले आणि युती-आघाडी दोन्हींच्या सरकारांत मंत्री राहिले. एखाद्या तालुक्यानं मोठ्या शेजाऱ्यापुढं आपला स्वतंत्र बाणा राखायचा तर तो असा. २०१४ नंतर भरणेमामांनी ती जागा घेतली. २०१९ ला अवघ्या ३,११० मतांनी, २०२४ ला त्याहून बऱ्याच फरकानं. २०२५ च्या जुलैअखेर त्यांना कृषिखातं मिळालं. तरीही तेव्हा इंदापूरच्या बाजारात ऐकू येई ते वाक्य तेच: ‘मामांना सांगा, मामा दादांना सांगतील.’

या नात्यांच्या शब्दांत, दादा-मामा-भाऊ-साहेब-ताई यांत, खरा जिव्हाळा आहे. मयतीला हे लोक येतात, लग्नाला येतात, नावानं ओळखतात. पण नात्यात मागणं मागावं लागतं. २०२४ मध्ये पवारांच्या घरातच उभी फूट पडली, लोकसभेला नणंद-भावजय आणि विधानसभेला काका-पुतणे समोरासमोर आले, तेव्हा गावोगाव माणसं गप्प झाली. लोकसभेला सुप्रिया सुळ्यांना दीड लाखांवर मताधिक्य आणि सहा महिन्यांत विधानसभेला अजित पवारांना एक लाखावर. मतदारानं दोघांनाही नाराज केलं नाही. त्यात शहाणपण होतं तशी भीतीही होती: ज्याच्याकडं फोन करायचा तोच रागावला तर?

पेशवाई हुकलेला सावकार

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. बाबूजी नाईक हे मोठे सावकार, मोरोपंतांचे आश्रयदाते. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर पेशवेपदासाठी बाबूजींचं नाव पुढं आलं. छत्रपती शाहूंनी वस्त्रं दिली ती नानासाहेबांना. बारामतीचं पहिल्या जागेशी असं जुनं, अपुरं नातं आहे.

पण त्या काळच्या कारभारात दुसऱ्या माणसाची एक सोय होती, ती आठवावी. प्रधान मोहिमेवर गेला की त्याचा मुतालिक दप्तर चालवी, त्याच्या नावानं शिक्का वापरी. त्याची जबाबदारी ठरलेली असे.

नैरोबीतला गोवेकराचा मुलगा

लिहिलेल्या पदानंही सगळं भागत नाही, हे आफ्रिकेत दिसतं. केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी यांचे वडील पीटर झुझार्ते हे गोव्याचे व्यापारी, आई मसाई. १९११ चा जन्म. शिक्षण बंगळुरू आणि बळ्ळारीत. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्रमंत्री झाले आणि १९६६ मध्ये जोमो केन्याटांनी त्यांना उपराष्ट्राध्यक्ष केलं. त्याआधीच्या वर्षी त्यांचा मित्र, गोमंतकीय वंशाचा पुढारी पियो गामा पिंटो याचा नैरोबीत खून झाला होता. १९६६ मध्येच मुरुंबींनी पद सोडलं. पुढचं आयुष्य त्यांनी पुस्तकं आणि आफ्रिकी कला जमवण्यात घालवलं. तो संग्रह आज केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पदाला घटनेत जागा होती, पण नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या हातात होती. म्हणजे मर्जी तिथंही होतीच.

तरी लिहिलेल्या ओळीचं मोल त्याच देशात सिद्ध झालं. राष्ट्राध्यक्ष गेल्यावर नव्वद दिवस उपराष्ट्राध्यक्षानं कारभार पाहायचा, अशी तरतूद होती. डॅनियल अराप मोई त्या पदावर होते. ती तरतूद काढून टाकायची मोहीम १९७६ मध्ये बड्या मंडळींनी चालवली, ती फसली. २२ ऑगस्ट १९७८ ला केन्याटा गेले आणि त्याच दिवशी मोईंनी सूत्रं घेतली. मलावीत २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुथारिका गेल्यावर उपराष्ट्राध्यक्ष जॉयस बांडांना डावलायचे प्रयत्न झाले, पण घटनेची ओळ स्पष्ट होती. दोन दिवसांत त्यांचा शपथविधी झाला. २०१० ची नवी घटना आल्यावर केनियात हे पद राष्ट्राध्यक्षाच्या जोडीनं निवडून येऊ लागलं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गचाग्वा यांना हटवलं गेलं तेही संसदेच्या दोन्ही सभागृहांत, उघड ठरावानं.

त्याच खंडात झिंबाब्वेनं १९८७ च्या ऐक्य करारानंतर दुसऱ्या पक्षाला सामावून घ्यायला दोन उपराष्ट्राध्यक्ष ठेवले. दक्षिण सुदाननं २०२० मध्ये पाच. आपल्याकडच्या दोन उपमुख्यमंत्र्यांचं कारण वेगळं नाही. बहुमत जुळवायचं तर खुर्च्या वाढतात.

लिहून घ्या

या पदाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आघाड्यांचं राजकारण राहणार, दुसरी खुर्चीही राहणार. मग ती नीट मांडून ठेवावी. शासनाच्या कार्यनियमावलीत उपमुख्यमंत्र्याचं काम, मुख्यमंत्री नसताना कुणी काय करायचं, कुठली फाइल कुणाकडून किती दिवसांत सुटली पाहिजे, हे स्पष्ट यावं आणि लोकांना वाचायला मिळावं. आमदार निधीचं सूत्र विधिमंडळात ठरावं, अर्थमंत्र्याच्या दालनात नव्हे. पाण्यासाठी २००५ पासून कायद्यानं स्थापलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. नीरा आणि भीमेच्या खोऱ्यातला वाटा त्यानं ठरवावा, आणि सरकार बदललं म्हणून तो बदलू नये.

हे इंदापूरच्या भल्याचं आहे, हे उघडच आहे. पण ते बारामतीच्याही भल्याचं आहे. तिथं आज जे उभं आहे ते एका घराच्या तीन पिढ्यांच्या कष्टातून आणि वजनातून उभं राहिलं. ती इमारत टिकवायची तर उद्या खुर्चीवर कुणी का बसेना, कालव्याचं आवर्तन, दवाखान्यातल्या डॉक्टरची जागा आणि कारखान्याचं बिल वेळेवर यायला हवं. टेलच्या शेतकऱ्याला कुणालाही फोन न करता पाळी मिळेल, त्या दिवशी या दोन्ही तालुक्यांना खरी सत्ता मिळाली असं म्हणता येईल.